तलावाचा निकाल वरच्या पाण्यावर लावू नये

दूषित तलावांविषयी एक संदेश वरचेवर फिरतो: “पाण्यात लिटरमागे १२ मिलिग्रॅम ऑक्सिजन भरला, जड धातू सापडले नाहीत, सांडपाणीही बंद झाले, तलाव शुद्ध झाला, आता गाळ कशाला तपासायचा?” यातली मोजमापे खरी असू शकतील, पण निष्कर्ष टिकत नाही.

आधी ऑक्सिजन. समुद्रसपाटीला, २५ अंश सेल्सिअस तापमानाचे गोडे पाणी हवेतून जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते. दुपारी १२ भरत असेल, तर वरचा वाटा बहुधा शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाचा असतो, म्हणजे ज्या आकड्याला तब्येतीची खूण म्हटले जाते तोच अतिपोषणाचा, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये फाजील झाल्याचा, पुरावा ठरतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खाते; म्हणून मोजणी पहाटेही आणि तळाशीही करावी लागते.

धातूंचा मुद्दा अधिक फसवा आहे. शिसे, कॅडमियम, तांबे चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या बारीक कणांना चिकटून खाली बसतात. पाणी निर्दोष दिसते ते त्यामुळेच. तळात नळी रोवून गाळाचा उभा नमुना काढला, की वर मिलिमीटरभर तपकिरी साय, तिच्याखाली काळा थर आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. त्या काळ्या थरातील सल्फाइडे धातू बांधून ठेवतात खरी, पण गाळ ढवळून त्याला ऑक्सिजन मिळाला की ते मोकळे होऊ लागतात. पाऱ्याचे तर उलटेच: ऑक्सिजनविरहित गाळातले जिवाणू त्याचे अधिक विषारी अशा मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांत साठत जातो. अर्थात गाळातला एकूण धातूही एकटा निकाल देत नाही (इथे उत्साही तपासनीसही घसरतात). बारीक कणांत धातू मुळातच जास्त असतो, म्हणून त्याची तुलना चिकणमातीचे प्रमाण दाखवणाऱ्या ॲल्युमिनियमशी आणि प्रदूषणापूर्वीच्या खोल थरांशी करावी लागते.

राहिला प्रश्न सांडपाण्याचा. ते थांबवणे अपरिहार्यच आहे. पण तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाला बांधलेला स्फुरद गाळातून पुन्हा पाण्यात उतरतो आणि शेवाळाला खाद्य मिळत राहते. स्वीडनमधील वेक्शो शहराजवळच्या ट्रुमेन तलावात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी बंद झाले, तरी तलाव सावरला नाही. १९७० आणि १९७१ मध्ये मिळून सुमारे एक मीटर गाळ शोषून काढला, तेव्हा कुठे पाण्यातला स्फुरद उतरला.