ते नाणं तुझं नाही, भावा

आज सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात मैत्रिणीने एक फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "बघ गं, हा तुमच्यातलाच ना कोण?" लाल मखमल, त्यावर ओळीने मांडलेली जिओकॉइन्स (आमच्या जिओकॅशिंगच्या खेळातली फिरती नाणी), वर फ्रेमवाल्याकडून बसवून घेतलेली काच. मजकूर काय, तर 'माय कलेक्शन. ट्रेझर हंटर फ्रॉम कोल्हापूर.' खाली बदामांचा पाऊस आणि 'नाद खुळा भावा'. आणि त्या मखमलीवर अगदी मधोमध एक जाड चंदेरी नाणं. त्यावर किल्ल्याचा बुरूज, कडेला खरचटलेलं, बुरुजामागच्या निळ्या मीन्याचा टवका उडालेला.

ते नाणं मी कुठेही ओळखेन. पन्हाळा दाखवलाय मी त्याला, स्वतःच्या हातात धरून.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर मी एवढी का तडकलेय ते कळायचं नाही. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो आणि आपण मोबाइल घेऊन ती हुडकत जातो. सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. १ मे २००० ला, म्हणजे आपण महाराष्ट्र दिनाची सुट्टी घालवत होतो तेव्हा, अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकायचं जाहीर केलं आणि तिकडच्या मध्यरात्री ती काढलीही. लगेच ३ मेला ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली रानात ठेवून तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. तिथून हे वेड सुरू झालं. पुढच्याच वर्षी नाणीबिणी आली. प्रत्येक नाण्यावर एक कोड कोरलेला असतो. एका डबीतून नाणं उचलायचं, वेबसाइटवर नोंद करायची, पुढच्या डबीत सोडायचं. किती किलोमीटर झाले, कुठून कुठे गेलं, सगळं नकाशावर दिसतं. मालक बसलेला असतो कुठेतरी हजारो मैलांवर, नोंद आली का बघत.

मालक. हा शब्द त्या फ्रेमवाल्या हिरोने कधी ऐकलाय का?

त्या बुरुजवाल्या नाण्याची मालकीण चेक प्रजासत्ताकातली एक आजीबाई आहे, शाळेतून निवृत्त झालेली. नाण्याच्या पानावर तिने दोनच ओळी लिहिल्यात : याला किल्ले बघायचे आहेत, जमलं तर प्रत्येक किल्ल्यापाशी एक फोटो काढा. बास. ते नाणं कुणाकुणाच्या खिशातून, सॅकमधून फिरत गोव्यापर्यंत आलं आणि तिथल्या एका डबीत मला सापडलं. किल्ल्यांची हौस असलेलं नाणं आणि उचलणारी बाई कोल्हापूरची. आमचे हे म्हणाले, "आलं बघ बरोबर ठिकाणी."

पण घरी आणलं आणि पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पन्हाळ्यावर धुकं असं की तीन दरवाजासमोर उभं राहून तीन दरवाजा दिसत नाही. मी आजीला कळवलं, की पाऊस ओसरेपर्यंत नाणं माझ्याकडे राहील, चालेल का? तिचं उत्तर भाषांतराच्या ॲपमधून आलेलं, मोडकंतोडकं, पण काय गोड! पावसाची चौकशी, किल्ल्याची चौकशी. नातवाने भिंतीवर नकाशा लावलाय, नाणं जाईल तिथे तो टाचणी खोचतो, हेही तिनेच सांगितलं. दर नोंदीला एक टाचणी.

लोक म्हणतात, नाणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. मी जास्त ठेवलं, पण विचारून ठेवलं. फरक एवढाच असतो हो. एक मेसेज. फुकट.

आणि घरी असतानाची गंमत. आमच्या धाकट्या दिरांना वाटलं चांदीचं आहे, म्हणून खिशात घालून गुजरीत घेऊन गेले. सराफाने वजन केलं, कडेला घासून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, याचं काय यायचं न्हाई. साधा मिश्रधातू हाय, वरनं मुलामा." दिरांचा चेहरा बघण्यासारखा होता. तेव्हा ज्यांना वाटतं की आपण खजिना दाबून ठेवलाय, त्यांनी एकदा गुजरीत चक्कर मारावी. किंमत त्या धातूला नाही. कोडला आहे, आणि त्यामागच्या प्रवासाला.

असो. ऊन पडल्यावर गेलो आम्ही गडावर. तीन दरवाजासमोर फोटो काढला, अंबरखान्यापाशी काढला, सज्जाकोठीच्या खिडकीतून खालची हिरवीगार दरी दिसेल असा एक काढला. तळहातावर नाणं, मागे कोठी. लेकीने चार चार वेळा काढायला लावला, बुरूज सरळ यायला पाहिजे म्हणून. बघणारे बघतच होते, ही बाई हातात पैसा धरून कसले फोटो काढतीय. गडावर मात्र काही ठेवलं नाही. ती संरक्षित वास्तू आहे, आता तर युनेस्कोच्या यादीतही आलीय, तिथल्या दगडाच्या फटीत डबी खुपसणारा आमच्यात कुणी नको. नाणं सोडलं ते गड उतरल्यावर, रानातल्या एका चांगल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कुठे ते इथे लिहीत नाही, शोधणाऱ्याची मजा जाते. फोटो चढवले, नोंद केली. आजीने एवढे मोठे आभार मानले की मलाच लाजल्यासारखं झालं.

त्यानंतर ते नाणं गायब. पुढे कुणीतरी त्या डब्यापाशी गेलं, वहीत सही केली आणि लिहिलं, नाणं आत नाही. तो डबा ज्याने लपवलेला, त्याने जाऊन खात्री केली. नाण्याच्या पानावर 'ठिकाण अज्ञात' लागलं. आजी मला अधूनमधून विचारते, काही कळलं का? आणि दरवेळी मी तिला लिहिते, नाही अजून. आता तिला काय लिहू? कळलं, लाल मखमलीवर आहे, काचेखाली आहे, छान दिसतंय?

वारीतला वारकरी रात्री तुमच्या ओसरीवर टेकला, तर सकाळी त्याला आत घालून कडी लावता का? त्याला पुढे जायचंय. ओसरी दिलीत, पुण्य मिळालं, झालं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, डबीतली वस्तू घेतली की बदल्यात दुसरी ठेवायची असाच नियम आहे ना, मग त्याने ठेवली असेल. अरे, तो नियम खेळण्यांना, किचेनला, गोट्यांना. ट्रॅकेबलला, म्हणजे असा कोड असलेल्या वस्तूला, अदलाबदल लागू नाही. ते घ्यायचं ते पुढे न्यायलाच. बदल्यात काही ठेवायची सक्ती नाही आणि ठेवलंत म्हणून ते तुमचं होत नाही. पुढे न्यायला जमणार नसेल तर उचलूच नका. नुसतं बघा, कोड टिपून घ्या, 'डिस्कव्हर' म्हणून नोंद करा आणि परत आत ठेवा. तुमच्या नावावर ते तरीही लागतं! आकडा वाढतो, चिन्ह मिळतं, फक्त दुसऱ्याच्या नातवाची टाचणी अडत नाही.

संग्रह करायचाच असेल तर खुशाल करा. न वापरलेली, चालू न केलेली नाणी विकत मिळतात, सुरेख असतात, अंधारात चमकणारी असतात, फिरत्या चकतीची असतात. परदेशातून मागवायची तर टपालखर्च डोळे पांढरे करतो हा भाग वेगळा. पण स्वतःच्या पैशाने घ्या आणि मखमलीवर मांडा, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहा. मी लाइक करेन. बदामही देईन.

मैत्रिणीचा परत मेसेज आलाय आत्ता. "कॉलेजचं पोरगं आहे गं, सोड. त्याला ठाऊक नसेल." बरं. नसेलही ठाऊक. कुणी शिकवलं नसेल. आपल्याकडे डब्याही मोजक्या, खेळणारेही मोजके, निम्मे डबे पावसाने नाहीतर माकडांनी फोडलेले; नाणं अडकून पडतं हे मला मान्य आहे. फुटक्या डब्यात सोडण्यापेक्षा घरात ठेवलेलं बरं, हेही एक वेळ मान्य.

पण ठाऊक नाही म्हणावं तर नाण्यावरच वेबसाइटचं नाव छापलेलं असतं. मोबाइल हातात आहे, इन्स्टावर हॅशटॅग लावता येतात, तेवढं नाव टाकून बघता येत नाही? आणि 'ट्रेझर हंटर' हे बिरूद बरं सुचतं!

त्यात आता तो फोटो मोठा करून बघितला आणि माझं डोकं परत फिरलं. सगळ्या नाण्यांचे कोड स्वच्छ वाचता येतायत. सगळ्यांचे! हा तर पहिला धडा आहे राव. कोडवर अंगठा ठेवून फोटो काढायचा, नाहीतर तेवढा भाग पुसून टाकायचा. कारण तो कोड ज्याच्या हाती, त्याला नोंद करता येते. असले कोड याद्या करून एकमेकांना वाटणारे महाभाग जगभर आहेत. ते घरात सोफ्यावर बसून शेकडो नाणी 'बघितली' म्हणून नोंदवतात. उद्या आजीला ब्राझीलमधून, जपानमधून 'डिस्कव्हर्ड' येईल, तिला वाटेल नाणं फिरतंय, नातू टाचणी घेऊन उभा राहील, आणि नाणं आपलं इथेच, कोल्हापुरात, काचेखाली.

याच्यामुळेच लोक आता खरं नाणं घरी ठेवतात आणि कोडची लॅमिनेट केलेली चिठ्ठी प्रवासाला पाठवतात. मला ते मुळीच आवडत नाही. हातात नाण्याचा गारवा नाही, वजन नाही, प्लॅस्टिकचा तुकडा कसला फिरवायचा? पण आज त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळेना.

आणि एक सांगते, हे वाचून बघा काय वाटतं. नासाच्या पर्सेव्हिअरन्स रोव्हरवर असाच एक ट्रॅकेबल कोड आहे. एका उपकरणाच्या कॅमेऱ्याची तपासणी करायची जी पट्टी आहे, तिच्यातल्या एका चकतीवर तो कोरलाय. ती चकती अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेला वापरतात त्या पॉलिकार्बोनेटची. रोव्हर मंगळावर उतरला तेव्हा आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२१ ची पहाट व्हायची होती. शिवजयंती! मी जागी होते, लेकीलाही उठवलं होतं. रोव्हरने पाठवलेल्या फोटोत तो कोड शोधून लोक नोंद करतात. म्हणजे मंगळावरचं ट्रॅकेबल सगळ्या जगाला सापडतं आणि पन्हाळ्याच्या पायथ्याचं आपल्याच गावात हरवतं. घ्या.

खरं सांगायचं तर तीन दरवाजासमोर आम्ही तो फोटो काढत होतो, तेव्हा तिथले एक काका जवळ आले. मी सगळं समजावून सांगितलं, ही आजी, हा नातू, हा नकाशा. त्यांनी नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, फेट्याच्या शेवाने पुसलं आणि परत देताना म्हणाले, "आजीला सांगा, सिद्दी जौहरला चार महिने दाद दिली न्हाई ह्या गडानं." मी ते वाक्य जसंच्या तसं नोंदीत टाकलं होतं. आजीने मग १६६० चा वेढा शोधून वाचला, पावनखिंडीबद्दल मला प्रश्न विचारले. एका बिनकिमतीच्या धातूच्या चकतीने हे घडवलं. मखमलीवर ठेवून काय घडणार आहे?

त्या पोराचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असलं तरी कमेंटमध्ये लिहू नका. लिहिलंत तर उडवेन. त्याला झोडायचं नाहीये मला. (सकाळी होतं. आता पोळ्या झाल्यात, जेवणं झालीत.) इनबॉक्समध्ये मी त्याला मेसेज टाकलाय : तो फोटो आधी डिलीट कर, मग नाणी घेऊन ये, प्रत्येकाचं पान उघडून बघू, कुणाला कुठे जायचंय. खातं काढायला फुकट आहे, मी शिकवते. फ्रेमचे पैसे वाया गेल्याचं वाईट वाटत असेल तर प्रत्येक नाण्याचा फोटो छापून त्याच फ्रेममध्ये लाव. कोड झाकून!

निळी खूण आलीय. उत्तर नाही अजून.

आता कामाचं. माझ्याकडे सध्या एक ट्रॅव्हल बग आहे, सैनिकांच्या गळ्यात असते तसली पत्र्याची चपटी पट्टी, तिच्यावरही असाच कोड, साखळीला एक छोटं लाकडी अस्वल. मालक फिनलंडचा, त्याची अट, याला हिमालयातला बर्फ दाखवा. या मे महिन्यात तुमच्यापैकी कुणाचा हिमाचलचा किंवा उत्तराखंडचा ट्रेक ठरलाय का? वजन काही नाही, सॅकच्या वरच्या कप्प्यात मावतो. फोटो काढायचा, तिकडे चांगला डबा मिळाला तर सोडायचा, नाही मिळाला तर परत माझ्याकडे आणून द्यायचा. नोंद कशी करायची ते मी दाखवते. शनिवारी सहानंतर रंकाळ्यावर आहे, भेळ माझ्याकडून. नुसतं 'इंटरेस्टेड' लिहू नका, तारीख सांगा.