गप्प आणि शांत

"हाताची घडी, तोंडावर बोट!" बालवाडीत नवीन लागले तेव्हा दिवसातून पंचवीस वेळा ओरडायचे मी. वर्ग चिडीचूप व्हायचा, मला वाटायचं जमलं. मग एकदा सतरंजीवरच्या एका पोराकडे नीट बघितलं. तोंडावर बोट अगदी जागच्या जागी, पण दुसऱ्या हाताने चड्डीची कड पिळत होता. डोळे काठोकाठ भरलेले. गप्प होता, शांत नव्हता.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. तिथे एकदा चार महिन्यांचं बाळ घेऊन त्या वर्गात आल्या. म्हणाल्या, बघा, किती शांत आहे! मुलं श्वासही जपून घ्यायला लागली. त्यातून त्यांचा शांततेचा खेळ निघाला. बाई आडून एकेकाचं नाव कुजबुजणार, ऐकू आलं की पाय न वाजवता त्यांच्याकडे जायचं.

मी देवघरातली घंटा वापरते. नाद पूर्ण विरला की हात वर. पहिल्या दिवशी सगळे हात लगेच वर! आठवड्याने माना तिरक्या व्हायला लागल्या.

दुसरा खेळ कापसाचा. गोल बसायचं, मधे कापसाचा बोळा, हळूच फुंकून समोरच्याकडे पाठवायचा. जोरात फुंकलं की तो भलतीकडे पळतो आणि सगळे हसतात. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके संथ होतात, हे चार वर्षांच्या मुलाला कशाला सांगायचं?

पालक म्हणतात, "रडायला लागला की दीर्घ श्वास घे म्हणतो, ऐकतच नाही." अहो, भांडणाच्या भरात तुम्हाला कोणी 'शांत हो' म्हटलं तर? हे खेळ मूल मजेत असताना, चारचौघांत, रोज व्हायला हवेत. मोबाइल हातात दिला की रडं थांबतं खरं, पण ते थांबवतो मोबाइल.

काही दिवस यातलं काहीच चालत नाही. गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस तर विचारूच नका! तेव्हा आधी अंगणात पळापळी, घंटा नंतर.

गेल्या आठवड्यात आमच्या चावऱ्या पठ्ठ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. मुठी आवळल्या. मी उठेपर्यंत शेजारच्या मुलीने रिकामा तळहात त्याच्यासमोर धरला, "फुंक." त्याने फुंकलं. दोनदा. मग ठोकळा फेकलाच, पण भिंतीवर.