एवढं लिहिलंत तर कोण घेणार, काका?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची लाकूड कापायची करवत, विकायला काढलाय. 14 इंची, बिडाच्या बॉडीचा, जुना पण ठणठणीत. परवा जाहिरात टाकली आणि त्यात सरळ लिहिलं: खालच्या चाकाच्या टायरला (चाकावर चढवलेल्या पट्ट्याला) चिरा पडल्यात, बदलावा लागेल. मशीन बंद केलं की थांबता थांबता खालचं बेअरिंग खरखरतं. वरच्या चाकाचा ब्रॅकेट एकदा मोडला होता, नवीन बसवलाय. टेबल तिरकं करायच्या पट्टीवरचे अंश खरे मानू नका, गुण्या लावून बघा. बस, चार ओळी.

आज सकाळी एकाचा मेसेज: "एवढं लिहिलंत तर कोण घेणार, काका?" खाली हसरा चेहरा. दुसऱ्याने माझ्याच चार ओळी मला परत वाचून दाखवल्या. तुम्हीच म्हणताय टायर गेलाय, बेअरिंग गेलंय, मग निम्म्यात द्या. तिसरा ओळखीतलाच. त्याने तर मला धंदाच शिकवला: "विकणाऱ्याने बोलायचं नसतं. घेणाऱ्याने बघायचं असतं."

बघायचं असतं म्हणे. मी बघितलं होतं की!

हाच बँडसॉ मी 6 वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडून घेतला. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून. मशीन नुकतं रंगवलेलं, टेबलाला तेलाचा हात. मी काही आंधळ्यासारखं घेतलं नाही. प्लग काढायला लावला, दोन्ही झाकणं उघडली, चाकं हाताने फिरवून बघितली, कुठे आउट नव्हती. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगमध्ये ढिलेपणा नव्हता. टेबलावर आडवी-तिरपी पट्टी ठेवून खालून उजेड येतो का तेही बघितलं. मग मशीन चालू करून टेबलावर नाणं उभं ठेवलं. पडलं नाही. पातळ प्लायचा तुकडा कापला, लोण्यासारखा कापला गेला.

एकच गोष्ट खटकली. पातं ढिलं होतं. विचारलं तर ते म्हणाले, "काम नसलं की मी ताण काढून ठेवतो. स्प्रिंग दबत नाही, टायरला खड्डा पडत नाही."

आता हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ज्याला मशीनची माया आहे तोच हे करतो. मी मनात म्हटलं, माणूस जाणकार आहे. तिथेच विरघळलो.

घरी आणलं. अर्धा इंची पातं चढवलं, व्यवस्थित ताण दिला आणि 6 इंच जाडीचा ठोकळा उभा चिरायला घेतला. दोन फूट गेलो असेन. आधी पात्याने आत पोट काढलं, मग धाडकन आवाज, पातं चाकावरून खाली. झाकण बंद होतं म्हणून वाचलो. उघडून बघतो तर वरचं चाक ज्यावर टांगलेलं असतं तो ब्रॅकेट दुभंगलेला. तुटलेल्या तोंडाकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. अर्धा भाग चकचकीत, त्या क्षणी तुटलेला. अर्धा काळा, तेलकट. म्हणजे तो तडा कधीचा तरी जुना. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर रंग. ढिल्या पात्याला आणि पातळ प्लायला तो तडा जन्मभर कळला नसता.

फोन केला तर पलीकडून एकच वाक्य: "माझ्याकडे तर चालत होतं."

तर मला सांगा, काय बघायचं होतं मी? रंगाखाली बघायला डोळे कुठून आणायचे? मशीन विकणाऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं असतं. कुठल्या आवाजाला कान टवकारायचे, कुठला नट आपोआप सैल होतो, मोटर किती वेळाने तापते, हे त्याला झोपेतही माहीत असतं. घेणाऱ्याला मिळतात 20 मिनिटं. त्यातही समोरचा घड्याळाकडे बघत उभा, आणि "अजून दोघं येणार आहेत बघायला" हे सुरूच. आणि वर म्हणायचं, घेणाऱ्याने बघायचं असतं!

हो, स्वतःचं पातं आणि एक जाड लाकूड बरोबर न्यायला हवं होतं. नेलं नाही. चुकलं. झालं समाधान?

टायर झिजणं, बेअरिंग खरखरणं हे वयाचं दुखणं आहे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचायचा, नवीन आणायचं, ठोकून बसवायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? तीन फेजची मोटर असेल तर तसं सांगा, घेणाऱ्याच्या घरी एकच फेज असेल तर त्याला एका फेजवर तीन फेजची मोटर चालवणारा ड्राइव्ह लावावा लागेल एवढंच, पण ते मशीन टेम्पोतून उतरवल्यावर कळायला नको. लांबी भरणं मात्र दुखणं नाही. ती आपोआप भरली जात नाही. कुणीतरी डबा उघडून, पत्रीने चोपडून, वाळायची वाट बघून, पॉलिश पेपरने घासलेली असते. तेवढ्या वेळात नवा ब्रॅकेट बसवून झाला असता!

तसं बघितलं तर बँडसॉची गोष्टच सांध्याची आहे. विल्यम न्यूबेरीने 1808 मध्ये पेटंट घेतलं, कल्पना तीच, दोन चाकं आणि त्यावर फिरणारं पातं. पण पात्याची दोन टोकं जोडलेली टिकेचनात. सांधा तुटायचा. पुढे फ्रान्समध्ये आन पोलिन क्रेपँ या बाईने टिकणारा सांधा जमवला, 1846 मध्ये तिला पेटंट मिळालं, तेव्हा कुठे हे यंत्र कामाला यायला लागलं. एका नीट न धरणाऱ्या सांध्यापायी जवळजवळ 40 वर्षं गेली, आणि आमचे गृहस्थ सांध्यावर रंग मारून मोकळे.

आता एक कबूल करतो. परवा जाहिरात टाइप करताना मी पहिल्यांदा "उत्तम चालू स्थितीत" एवढंच लिहिलं होतं. खोटंही नाही ते, चालू आहेच. मग फोटो काढायला वरचं झाकण उघडलं आणि तो ब्रॅकेट दिसला. मी बसवलेला. रंग न दिलेला, बाकी मशीनशी न जुळणारा, एकटाच राखाडी. तीन शब्द पुसले आणि चार ओळी लिहिल्या.

आणि हे लिहिता लिहिता आजच डोक्यात आलं, 6 वर्षांत कधी आलं नव्हतं. लांबी त्या गृहस्थांनीच भरली असं मी कशावरून धरून चाललोय? त्यांनीही मशीन कुणाकडून तरी रंगवलेलंच घेतलं असेल. त्यांच्या खोलीत सगळीकडे पातळ प्लायची खेळणी, फोटोच्या चौकटी असलंच होतं. जाड लाकूड कधी चिरलंच नसेल. ताण काढून ठेवायचे ते खरंच मशीनच्या मायेने ठेवत असतील. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या वाक्याला लबाडी समजतोय ते कदाचित त्या दिवशीचं सगळ्यात खरं वाक्य असेल.

असेल. पण मग फोनवर "अरे बापरे, लागलं नाही ना?" एवढं तरी म्हणायचं. मला तेवढंच हवं होतं. पैसे मी मागितलेही नव्हते.

निम्म्यात मागणाऱ्याला अजून उत्तर दिलेलं नाही. दोष लिहिले ते धरूनच किंमत लावली आहे, हे त्याला कळत नाही असं नाही. लपवून ठेवलं असतं तर हाच माणूस दोन रुपये कमी करून हसत घेऊन गेला असता आणि महिन्याने मला शिव्या घातल्या असत्या. मग तिसऱ्याने त्याला सांगितलं असतं, घेणाऱ्याने बघायचं असतं.

थांबा, हे लिहीत असतानाच एक मेसेज आला. मुलगी आहे कुणीतरी, लाकडाचं काम करते. विचारतेय, "काका, टायर रबरचा आहे की युरेथेनचा? चाकाचा व्यास मोजून सांगाल का, मी येतानाच नवीन घेऊन येते. पात्याची लांबीही सांगा, माझं पातं लावून काहीतरी जाड कापून बघायचंय. चालेल ना?"

चालेल म्हणून कळवलंय. पात्याची लांबी साडेत्र्याण्णव इंच, तीही कळवली. रविवारी येतेय.

तो 6 इंची ठोकळा अजून माझ्याकडे आहे, दोन फूट चिरून तसाच राहिलेला. माळ्यावरून खाली काढून ठेवलाय.