हात मोकळे, डोकं अडकलेलं

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा अवतरला. २०२२ पासून अधूनमधून फिरतोच आहे: ‘गाडी चालवताना हँड्सफ्रीवर बोलणं आता गुन्हा नाही, गडकरींनीच सांगितलंय. त्यात धोकाही नाही. पावती फाडली तर कोर्टात खेचा. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, पोलीस तुमच्या फोनला हातही लावू शकत नाहीत.’ खाली अंगठ्यांची रांग.

यातला ‘आता’ फसवा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने बंदी घातली ती हातात धरलेल्या फोनवर. ब्लूटूथला नव्याने माफी वगैरे कुणी दिलेली नाही. शिवाय लोकांना धोका होईल अशी गाडी हाकणं त्याच कलमाखाली गुन्हा आहे, कानात काहीही असो. पहिल्या खेपेला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये ही अट घालूनच. (मान वाकडी करून खांद्यात फोन दाबणारे स्कूटरस्वार ‘हात मोकळेच आहेत की’ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडलंय.)

‘धोका नाही’ हे मात्र सरळ खोटं आहे. टोरोंटोत ६९९ चालकांच्या अपघातांची त्यांच्या फोनच्या नोंदींशी सांगड घातली गेली. १९९७ साली निष्कर्ष छापून आला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सवलत दिसली नाही. पुढे २००१ मध्ये यूटा विद्यापीठातल्या प्रयोगातही तेच: बोलणारे लाल दिवा जास्त वेळा चुकवत, हातात फोन असो वा नसो. म्हणजे गुंततो तो हात नाही, मेंदू. डोळे रस्त्यावर असतात, पण समोरचं दिसूनही नोंदलं जात नाही. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

यावर ठरलेला प्रश्न येतो: शेजारी बसलेल्याशी बोलतोच ना? बोलतो. पण खंबाटकी घाटातलं वळण आलं की शेजारचा आपसूक गप्प होतो, ‘अरे, ट्रक!’ म्हणून ओरडतोही. फोनवरच्या बॉसला वळण दिसत नाही.

कुणी सरकारी आकडा पुढे करतं: २०२१ मध्ये फोनमुळे १,०४० मृत्यू, तर रस्त्यावरचे एकूण १,५३,९७२. म्हणजे किरकोळच! पण ‘मी फोनवर होतो’ असं पंचनाम्यात लिहून कोण देतो? हा आकडा फार तर तळ समजायचा.

राहिली प्रायव्हसी. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तो हक्क पक्का केला, आणि नाक्यावरच्या हवालदाराने तुमच्या चॅट चाळायचं काही कारण नाही. लायसन डिजीलॉकरमध्ये असेल तर स्क्रीन दाखवा, फोन हातात देऊ नका. पण हातात फोन दिसला की केस होते, त्यासाठी तो उघडावा लागत नाही. आणि अपघातात कुणी दगावलं, तर फोन पुरावा म्हणून जप्त होऊ शकतो. कॉल किती वाजता सुरू होता हे मोबाईल कंपनीकडून कायदेशीर मागणी करून कळतं. खासगीपणाचा हक्क तिथे ढाल होत नाही.

गंमत म्हणजे प्रायव्हसी खरी सांडते ती याच लाडक्या हँड्सफ्रीतून. भाड्याच्या गाडीला फोन ब्लूटूथने जोडला, ‘कॉन्टॅक्ट घेऊ का?’ ला हो म्हटलं, की नावं, नंबर, कॉलची यादी बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनमध्ये साठते. गाडी परत करताना तिच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या फोनची नोंद पुसली नाही, तर पुढच्या भाडेकऱ्याला ‘आई’, ‘बँकवाले जोशी’ आणि ‘उचलू नको’ सगळे भेटू शकतात.