गोरेपणाचा दाखला

भगतसिंग थिंद हे नाव अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. आमच्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

थिंद पंजाबातले शीख. १९१३ साली अमेरिकेत आले, ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरणीत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये अंगावर गणवेश असतानाच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं गेलं. कारण ते गोरे नव्हते. १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला नागरिक होता येई. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. जपानी, हिंदी माणसांपुढे मग एकच वाट उरली: कोर्टात उभं राहून आपण गोरे असल्याचं सिद्ध करायचं.

ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांनी ते करून पाहिलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं, कातडीचा रंग बघायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (युरोपातले लोक ज्यात धरले जात, तो वंश). त्या काळची वंशशास्त्राची पुस्तकं तर उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होती. थिंद यांच्या बाजूने हाच मुद्दा आला. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल एकमताचा होता. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर इथे आलेले.

अन्याय उघड आहे. त्यानंतर कित्येक हिंदी लोकांचं आधी मिळालेलं नागरिकत्व सरकारने रद्द करायला घेतलं. पण माझ्या मनात रुतून बसलंय ते थिंद यांच्या बाजूने कोर्टात दिलेलं निवेदन. त्यात म्हटलं होतं, आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, जातीच्या कडक बंधनांमुळे आमचं रक्त शुद्ध राहिलंय; आणि लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसं बघतो, तसंच आमच्याकडचा उच्चवर्णीय तिथल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. म्हणजे आपल्या गोरेपणाचा पुरावा म्हणून आपणही कुणाला तरी शिवून घेत नाही, हे न्यायालयापुढे ठेवलं गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लाज वाटली. आजही वाटते.

थिंद यांच्या वकिलांपैकी एकाचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच आपल्यातलं कुणीतरी वाटतं. पुढे सरकार त्यांच्याही नागरिकत्वाच्या मागे लागलं. ते जाऊ नये म्हणून ते स्वतः लढले आणि जिंकले, आणि त्यामुळे इतरांवरची कारवाईही थंडावली. या माणसाच्या हुशारीबद्दल मला आदर आहे. त्या काळी त्या निवेदनाशिवाय दुसरा कुठला मार्ग त्यांना दिसत होता, हेही मला सांगता येणार नाही. पण मार्ग नव्हता म्हणून युक्तिवाद निर्मळ ठरत नाही.

याच दशकात, १९२९ मध्ये, अमेरिकन लेखिका नेला लार्सन यांची 'पासिंग' ही कादंबरी आली. तिच्यातली क्लेअर काळ्या वंशाची, पण रंगाने इतकी उजळ की गोरी म्हणून खपते आणि एका गोऱ्या माणसाशी लग्न करते. चहाच्या वेळी तिचा नवरा काळ्यांबद्दल किळसवाणं बोलत राहतो. समोर बसलेल्या तिघीही बायका काळ्या वंशाच्या आहेत, आणि हे त्याला माहीत नाही. त्या हसून ते साजरं करतात. तो प्रसंग वाचताना मला आपल्या बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवते. ते पुस्तक १९६३ चं. त्यातला नायक परक्या गावात जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. क्लेअरला किंवा त्या नायकाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी स्वतःला लपवलं. वर चढण्यासाठी दुसऱ्याला खाली दाखवलं नाही. थिंद यांच्या निवेदनात नेमकं तेच केलं होतं.

आणि आम्ही इथे कुणामुळे आहोत? १९४६ नंतर भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. तो गेला १९६५ च्या कायद्याने. त्या वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. वंश बघून माणसाला दाराबाहेर ठेवण्याची पद्धत त्यांच्या लढ्याने मोडकळीला आणली, म्हणून आमच्या पिढ्या विमानात बसू शकल्या. तरीही आमच्या दिवाणखान्यांत 'त्या वस्तीत घर घेऊ नका', 'मुलीने कुणीही आणला तरी चालेल, फक्त काळा नको' हे अजून बिनदिक्कत बोललं जातं. शिकलेली, प्रेमळ माणसं बोलतात. मुलं ऐकत असतात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवायला मदत केली. पुण्यात बसून त्यांना ते नातं दिसलं होतं. दलित पँथरच्या तरुणांनाही १९७२ मध्ये दिसलं. नावच अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून घेतलं. मराठीत हा वारसा असताना आमच्या मराठी शाळांतून मुलांना शिवाजी महाराज आणि गणपती शिकवले जातात (ते शिकवावेतच), पण फुले आणि बागुल का नाहीत?

फेब्रुवारी २०२३ मध्ये, थिंद निकालाला नुकतीच शंभर वर्षं झाली असताना, सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव मांडला तिथल्या तेव्हाच्या नगरसेविका, पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. त्याला विरोध करणाऱ्यांतही भारतीयच होते. 'इथे जात कुठे आहे?' असं विचारणाऱ्या माझ्या मित्रांना मी थिंद यांचं ते निवेदन पाठवतो. ज्यांना हवं असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, तुम्हालाही पाठवतो.