रिफॉर्म क्लब ही फार्नेसेची ‘हुबेहूब नक्कल’ नाही

लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरची रिफॉर्म क्लब या खासगी क्लबची इमारत आणि रोममधला सोळाव्या शतकातला महाल पालाझ्झो फार्नेसे, असे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून एक दावा सध्या जोरात फिरतोय. क्लबचा वास्तुकार चार्ल्स बॅरीने फार्नेसे जसाच्या तसा उचलला, मधल्या चौकावर काच टाकली, बाकी त्याचं स्वतःचं काही नाही. शिवाय याच माणसाने गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीत, लंडनचं पार्लमेंट बांधलं, म्हणजे त्याला शैलीच नव्हती. वास्तुकला शिकणारी मुलंही हे बिनदिक्कत पुढे पाठवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘जसाच्या तसा’? साम्य आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तीन मजल्यांची रचना, माथ्यावरची ती भरभक्कम पुढे आलेली कॉर्निस (छताखालची कड), हे सगळं बॅरीने तरुणपणी इटलीत डोळे भरून पाहिलं होतं. पण जरा खिडक्या मोजा. फार्नेसेच्या दर्शनी भागात एका रांगेत 13, रिफॉर्मला 9. फार्नेसे विटांचा, त्याच्या कडा-चौकटी ट्रॅव्हर्टिन या इटालियन दगडाच्या; रिफॉर्मची दर्शनी भिंत पोर्टलंड या इंग्लिश चुनखडी दगडाची. रोममध्ये प्रवेशद्वाराच्या वर भलीमोठी खिडकी आणि घराण्याचं मानचिन्ह आहे, त्यामुळे नजर मध्यावर खिळते. बॅरीने मध्यावर असा जोर दिलेलाच नाही.

आता काच. पहिल्या आराखड्यात चौक उघडाच होता. लंडनच्या हवेत तो वर्षातला बराच काळ वाया गेला असता, म्हणून त्यावर छप्पर आलं. आणि छप्पर आल्यावर चौकाचं कामच बदललं. फार्नेसेत तुम्ही रस्त्यावरून कमानींच्या वाटेने थेट उघड्या अंगणात येता. रिफॉर्ममध्ये पायऱ्या चढून येता ते एका दालनात: खाली आयोनिक खांब, वर कॉरिंथियन (दोन्ही प्राचीन ग्रीक धाटणीचे), भोवती सज्जा, आणि उजेड डोक्यावरून. मुख्य खोल्यांकडे जायचं ते इथूनच. बागेच्या बाजूला पूर्ण लांबीभर पसरलेली जेवणाची खोली आहे. एका सरदार घराण्याचा महाल आणि शेकडो सभासदांची जेवणं, वाचन, गप्पा, मुक्काम सांभाळणारी इमारत यांचे नकाशे एक असूच शकत नाहीत.

शैलीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पार्लमेंटच्या स्पर्धेत गॉथिक किंवा एलिझाबेथन (सोळाव्या शतकातली इंग्लिश) शैलीच हवी, अशी अटच होती.

‘स्वतःचं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी मात्र तळघरात उतरायला हवं. इमारत 1841 मध्ये खुली झाली तेव्हा लोक मुद्दाम पाहायला येत ते स्वयंपाकघर. क्लबचा मुख्य आचारी अलेक्सी स्वाये याने ते बॅरीबरोबर बसून आखलं. कोळशाच्या भट्ट्यांच्या जोडीला गॅसच्या शेगड्या होत्या. गॅसवर रांधणं तेव्हा नवलाचं होतं. वाफेच्या इंजिनावर पाणी वर चढायचं, मांस भाजायच्या सळया फिरायच्या. मासळी ताजी राहावी म्हणून संगमरवरी फळीवरून गार पाणी वाहतं ठेवलेलं. मधोमध एल्म लाकडाचं बारा बाजूंचं टेबल, आणि त्यातून वर जाणाऱ्या लोखंडी खांबांभोवती फिरत्या थाळ्या, म्हणजे मसाला हवा असेल तर आचाऱ्याने जागा सोडायची गरज नाही. कोण कुठे उभा राहील, त्याचा हात कुठवर पोहोचेल, इथपर्यंतचा हा विचार आहे. सोळाव्या शतकातल्या महालातून तो उचलता आला नसता, कारण तिथे तो नव्हताच.

या स्वयंपाकघराच्या भिंती कापून आतली सगळी लगबग दाखवणारं चित्र 1842 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. दर्शनी भिंतींच्या फोटोंसोबत तेही फिरवा.