टीम खारकीव्हमध्ये, रिस्क एक्सेलमध्ये

समजा तुम्ही हिंजवडीत बसून सॉफ्टवेअरचा एक मोठा प्रोग्रॅम चालवताय, क्लायंट लंडनचा, आणि ज्याच्यावर सगळं अडलंय ते पेमेंटचं इंजिन लिहिणारी टीम खारकीव्हमध्ये. खारकीव्ह म्हणजे युक्रेनचं दोन नंबरचं शहर, तिथून रशियाची बॉर्डर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे पुण्यातून निघालात तर लोणावळासुद्धा येत नाही एवढ्यात. २०२१ चा डिसेंबर आहे आणि बॉर्डरवर लाखभर सैन्य जमल्याचं टीव्हीवर रोज दाखवतायत. अजिबात घाबरू नका, एक्सेल उघडा.

रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या धोक्यांच्या यादीत, एक ओळ वाढवा. नाव द्या 'जिओपॉलिटिकल इन्स्टॅबिलिटी'. चुकूनही 'युद्ध' लिहू नका, युद्ध लिहिलं की लगेच कुणीतरी विचारतं की मग आपण करतोय काय. शक्यता लो, परिणाम हाय, गुणाकार केला की रंग येतो पिवळा, आणि पिवळा हा रंग देवाने खास प्रोग्रॅम मॅनेजरसाठीच बनवलाय. हिरवा ठेवून काही झालं तर मान अडकते, लाल केला तर स्टिअरिंग कमिटी, म्हणजे वरच्या साहेबांची समिती, बोलावून पैसे किती लागतील ते विचारते. पिवळ्याला कुणी काही विचारत नाही. मिटिगेशनच्या, म्हणजे धोका कमी करायला काय करतोय त्या रकान्यात टाका 'परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत', कारण लक्ष ठेवायला बजेट लागत नाही. आणि ओनर म्हणून तिकडच्याच टीम लीडचं नाव घाला. म्हणजे उद्या बॉम्ब पडलाच तर ज्याच्या डोक्यावर पडला त्यालाच फोन करून अपडेट मागता येतो.

आता टीममधला एखादा उत्साही प्राणी म्हणेल की लोकांना आत्ताच हलवूया का. त्याला आवरा. वेबसाइट बनवायची सोय देणाऱ्या विक्ससारख्या काही कंपन्यांनी केला होता हा उतावीळपणा, युक्रेनमधल्या लोकांची घरच्यांसकट तात्पुरती तुर्कस्तानात जायची सोय केली होती, तीही युद्ध सुरू व्हायच्या आधी! हॉटेलचं बिल कुठल्या कॉस्ट सेंटरला टाकणार? आणि युद्ध झालंच नाही तर ऑडिटवाल्यांना काय तोंड दाखवणार? त्यापेक्षा १४ फेब्रुवारीला अमेरिकेने दूतावास कीव्हमधून ल्विवला हलवला, १५ ला भारताने आपल्या विद्यार्थ्यांना तात्पुरतं निघायचा विचार करा असं सांगितलं, तरी तुम्ही शांतपणे लिहायचं की हा विषय पुढच्या स्टिअरिंग कमिटीत घेऊ, गुरुवारी, २४ तारखेला.

२४ तारखेला पहाटे हल्ला झाला. मीटिंग कोरमअभावी रद्द.

त्याच दिवशी तिकडे मार्शल लॉ लागला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली, म्हणजे आठवडाभर आधी विमानाच्या एका तिकिटात जे झालं असतं ते आता कितीही पैसे ओतले तरी होणार नाही. पण निराश नका होऊ, रजिस्टरच्या दृष्टीने ही गुड न्यूज आहे. घडून गेली ती रिस्क राहत नाही, तिचा इश्यू होतो, आणि इश्यूंची शीट वेगळी असते, बहुतेक वेळा सांभाळणारा माणूसही वेगळा असतो.

केटीची, म्हणजे एकाच्या डोक्यातलं ज्ञान दुसऱ्याच्या डोक्यात ओतायची, वेळ आता आली. बिल्ड (कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बनवणं) कसा करायचा हे एकाच माणसाला माहीत आहे, हे तुम्हाला वर्षभर ठाऊक होतं, पण शॅडो, म्हणजे त्याच्या बाजूला बसून शिकणारा दुसरा माणूस, ठेवायचा म्हणजे जास्तीचं बिलिंग, क्लायंट कशाला देईल. तर आता त्या एका माणसाला शोधा. हल्ला सुरू झाल्यावर खारकीव्हच्या मेट्रोच्या गाड्या थांबल्या आणि लोक आठवडेच्या आठवडे स्टेशनात झोपायला होते, तो तिथेच कुठेतरी गादीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असेल. किंवा घरी असलाच तर बाथरूममध्ये, कारण तिकडे नियमच पडलाय की सायरन वाजला की खिडकीपासून लांब, दोन भिंतींच्या आड बसायचं. बाथरूममधून आवाज घुमतो, तर त्याला नम्रपणे म्यूटवर जायला सांगा. व्हिडिओ मात्र ऑन पाहिजे, एंगेजमेंट दिसली पाहिजे ना.

मग ऑक्टोबर २०२२ पासून क्षेपणास्त्रं वीजकेंद्रांवर पडायला लागली, शहरंच्या शहरं तासन्‌तास अंधारात. तिकडची पोरं जनरेटर, बॅटऱ्या, सॅटेलाइटवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या डिश जमवून कामाला बसली. त्यांचं बिल आलं तर परत पाठवा, क्लेमच्या पोर्टलवर जनरेटर नावाची कॅटेगरीच नाही. आणि एवढं सगळं होऊनही २०२२ मध्ये युक्रेनची आयटी निर्यात आदल्या वर्षापेक्षा वाढली, ७ अब्ज डॉलरच्या वर गेली. हे तुमच्या फ्रेमवर्कचं यश, असं स्लाइडवर टाका. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान कळप वाढल्याचं श्रेय तरी घ्या.

बॅकअप, बॅकअप करणारे एक जुनी गोष्ट काढतीलच. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क ही जगातली अजस्र शिपिंग कंपनी आडवी झाली, आणि ती चालवत असलेलं आपल्या न्हावाशेवाचं टर्मिनलही लटकलं. कंपनीला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. सगळं नेटवर्क परत उभं करायला लागतो तो डोमेन कंट्रोलर जगभरात सगळीकडे पुसला गेलेला, फक्त घानामधला एक शाबूत, का तर नेमकी तेव्हा तिथली लाईट गेली होती. पुढची गंमत म्हणजे तो डेटा इंग्लंडला न्यायचा तर घानाच्या ऑफिसात कुणाकडे ब्रिटिश व्हिसाच नाही, म्हणून एक जण नायजेरियापर्यंत गेला आणि एअरपोर्टवर दुसऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली. यातून शिकायचं काय, तर डिझास्टर रिकव्हरीवर खर्च कशाला करायचा? लाईट घालवायची सेवा आपल्याला महावितरण देतंच आहे.

एकच अडचण आहे, हे एक्सेल फक्त आपल्याकडेच असतं असं नाही. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, मुंबई-पुण्यातही, आणि पुढचे दोन-तीन दिवस भारत-पाकिस्तानच्या बातम्या जगभर चालू होत्या. तशा एखाद्या दिवशी लंडनहून मेल येईल. पहिल्या ओळीत सगळे सुखरूप ना, दुसऱ्या ओळीत गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम सुरू व्हायच्या, तारखेवर काही परिणाम आहे का. तुम्ही छातीठोकपणे लिहाल की अहो, भोंगा नुसता प्रॅक्टिसचा होता, हिंजवडीत ट्रॅफिक सोडून कसलाही धोका नाही. ते म्हणतील हो हो, खात्री आहे आमची, तरी खबरदारी म्हणून पुण्याचं काम महिनाभर दुसऱ्या टीमकडे देऊया, खारकीव्हवाल्यांकडे, त्यांना सवय आहे आणि जनरेटरही त्यांचे स्वतःचे आहेत.